एच.आय.व्ही.ची लागण : भीती कुठे धरावी, कुठे सोडावी



या पानावर दर अंकी आम्ही बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि रोग-किडी यांविषयी लिहीत असतो. या अंकातला रोग मात्र माणसाचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने डॉक्टरकी कशाला करावी, असे कुणी म्हणेल. पण गेल्या गळीत हंगामात हुमणीइतकेच प्रश्न आम्हाला एच.आय.व्ही. आणि एड्सबद्दल आले. सभेत सर्वांसमोर कुणी विचारले नाही. सभा उठल्यावर, चहा घेताना, बाजूला घेऊन विचारले. म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून व समुपदेशकांकडून माहिती नीट समजून घेऊन ती सर्वांसाठी येथे देत आहोत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे लागण म्हटली की आडसाली का पूर्वहंगामी, एवढाच प्रश्न असतो. डॉक्टरांच्या तोंडी लागण म्हणजे रोगजंतूचा शरीरात शिरकाव. एच.आय.व्ही. हे एका विषाणूचे नाव आहे आणि एड्स ही त्या विषाणूमुळे येणारी शेवटची अवस्था. एच.आय.व्ही.ची लागण झाली म्हणजे एड्स झाला, असे नव्हे. काणी रोगाचे उदाहरण घ्या. काणीची लागण झालेली कांडी हातात घेतली तर निरोगी कांडीसारखीच दिसते. ती लावतो, उगवते, हिरवीगार दिसते आणि काही महिन्यांनी शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडतो. या विषाणूचेही तसेच, फक्त काळ फार मोठा. औषध न घेतल्यास लागण झाल्यापासून एड्सपर्यंत साधारण ८ ते १० वर्षे जातात. सुरुवातीला दोन-चार आठवड्यांत थोडा ताप, घसादुखी, अंगदुखी होते किंवा तेही होत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षे माणूस धडधाकट दिसतो, कामे करतो, कुस्तीसुद्धा खेळतो. तेव्हा चेहऱ्यावरून किंवा तब्येतीवरून ओळखू, असे म्हणणाऱ्याने तो नाद सोडावा. तपासणीशिवाय दुसरा मार्ग नाही.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. काणीचे बेट दिसले की आपण ते मुळासकट उपटून जाळतो. शेतात ते बरोबरच आहे. पण गावात एखाद्याला हा आजार आहे असे कळले की लोक माणसालाही तेच करू पाहतात. तेथे काणीची तुलना लागू नाही, आणि का लागू नाही ते पुढे येईल.

या रोगाची पहिली नोंद १९८१ सालच्या जूनमध्ये अमेरिकेत झाली. लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना एक विरळा न्यूमोनिया झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी कळवले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा बारे-सिनुसी, ल्युक मॉन्तानिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू शोधून काढला. या दोघांना २००८ साली नोबेल मिळाले. आपल्या देशात पहिली लागण १९८६ साली चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पथकाला आढळली. आज देशात सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. एकेकाळी दक्षिण महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात हा आजार बराच होता. सांगलीची संग्राम ही संस्था १९९२ पासून या कामात आहे. तेव्हा हे कुठल्या तरी लांबच्या मुलखाचे दुखणे आहे, असे समजायचे कारण नाही.

हा विषाणू शरीरात नेमके करतो काय? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या सी.डी. ४ नावाच्या पेशी म्हणजे राखणदारांचे मुकादम. रोगजंतू आला की बाकीच्या पेशींना कामाला लावायचे, हे त्यांचे काम. हा विषाणू नेमका याच पेशीत शिरतो. आत गेल्यावर आपली कुंडली पेशीच्या कुंडलीत जोडून टाकतो, आणि मग ती पेशी त्याचाच माल काढू लागते. ऊस आपला, बॉयलर आपला, कामगार आपले. पोत्यावर शिक्का मात्र त्याचा! अशा रोज कोट्यवधी प्रती तयार होतात आणि मुकादम पेशी मरत जातात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की एड्सची अवस्था समजतात. मग क्षय, बुरशी, जुलाब, मेंदूचे आजार असे एकेक येऊन धरतात. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या आजारांनी, आणि आपल्या देशात त्यांत क्षयाचा नंबर पहिला. म्हणून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची एच.आय.व्ही. तपासणी करतात आणि एच.आय.व्ही. असलेल्याला दर भेटीत खोकला, ताप, घटलेले वजन विचारतात.

आता लागण कशी होते ते. वाटा चारच आहेत. लागण असलेल्या व्यक्तीशी निरोध न वापरता शरीरसंबंध, मग तो स्त्री-पुरुषांतला असो की पुरुषा-पुरुषांतला. आपल्याकडची बहुतांश लागण या एका वाटेने होते. दुसरी, दूषित रक्त अंगात भरले जाणे. तिसरी, दुसऱ्याला वापरलेली सुई. चौथी, आईकडून बाळाला, गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. पाचवी वाट नाही.

रक्ताची वाट बरीचशी बंद झाली आहे. १९८९ पासून रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही. तपासणी सक्तीची आहे आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आहे. रक्त लागलेच तर परवाना असलेल्या रक्तपेढीतूनच घ्यावे. रक्तदान करणाऱ्याला मात्र काहीही धोका नाही, सुई नवी असते. कारखान्याच्या रक्तदान शिबिरात या भीतीने मागे राहणाऱ्या तरुणांनी हे लक्षात घ्यावे.

सुईबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आपल्याकडे टोचून घेतल्याशिवाय बरे वाटत नाही अशी मंडळी फार. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ येथे २०१८ च्या सुरुवातीला तपासणीत कित्येक गावकऱ्यांना एकदम लागण झालेली आढळली. एकच सुई अनेकांना वापरून स्वस्तात इंजेक्शने देत हिंडणाऱ्या एका भोंदू डॉक्टरावर ठपका आला. तेव्हा इंजेक्शन घ्यायचेच असेल तर सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. जत्रेत गोंदवून घेताना तर हे विचारावेच. न्हाव्याच्या वस्तऱ्याने एच.आय.व्ही. होण्याचा संभव अत्यल्प, तरी पाते नवे असावे, कारण काविळीचा बी विषाणू याहून फार चिवट आहे.

आणि कशाने होत नाही? एका ताटात जेवल्याने, एकाच तांब्याने पाणी प्यायल्याने, हस्तांदोलनाने, खोकल्याने, शिंकेने, डास चावल्याने, एकाच विहिरीत पोहल्याने, एकाच संडासाने, कपड्यांनी, मुलाचा मुका घेतल्याने. यांतल्या कशानेही होत नाही. डासाचे पुष्कळांना पटत नाही. डास एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात भरत नाही, सोंडेतून आपली लाळ सोडतो, आणि त्याच्या पोटात हा विषाणू पचून जातो. हिवतापाचा जंतू डासात वाढतो, हा वाढत नाही. गोष्ट एवढीच आहे.

हे सगळे ज्या प्रसंगावरून लिहावेसे वाटले तो प्रसंग, संबंधितांच्या संमतीने आणि गाव-नाव वगळून, सांगतो. मागील हंगामात आमच्या एका गटात तोडणी चालू असताना कोयता लागून एका मजुराचा हात कापला. रक्त बरेच गेले, मोळ्यांवरही पडले. शेतमालक सभासद जवळच होते. त्यांनी स्वतःच्या टॉवेलने हात बांधला. थोड्या वेळाने टोळीतला एकजण बोलून गेला की याला तसल्या गोळ्या चालू आहेत. झाले! सभासद घाबरून गेले, टोळीने त्या मोळ्या उचलायला नकार दिला आणि मुकादम त्या जोडप्याला, उचल फिटलेली नसताना, रातोरात गावी पाठवायला निघाला. आमच्या शेतकी मदतनिसाने फोन केला. आम्ही गेलो आणि ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन लावून सर्वांना ऐकवला.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात फार काळ तग धरत नाही. धडक्या कातडीतून तो आत जाऊ शकत नाही. सभासदांच्या हाताला जखम नव्हती. साबणाने हात धुतले, काम संपले. उसाचे म्हणाल तर त्यातून ही लागण होत नाही, आणि कारखान्यात रस शंभर अंशांच्या वर तापतो ते वेगळेच. पण रक्त उघड्या जखमेत किंवा डोळ्यात गेले, किंवा वापरलेली सुई टोचली, तर थांबू नये. चोळू-पिळू नये, भरपूर पाण्याने धुऊन तडक सरकारी दवाखाना गाठावा. ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, औषध सुरू करून २८ दिवस घेतले तर लागण टाळता येते. सुई टोचूनही लागण होण्याचे प्रमाण हजारात तीन इतकेच आहे. बळजबरी झालेल्या स्त्रीलाही हेच औषध मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

गाडी भरली, सायंकाळी काट्यावर आली. पण खरी अडचण नंतर कळली. त्या दोघांनी मूळ गावच्या केंद्रातून आणलेल्या गोळ्या संपत आल्या होत्या. टोळीत कळेल म्हणून विचारायची सोय नव्हती. पट्टा पडेपर्यंत गोळ्यांवाचून काढायचे, असे त्यांनी ठरवले होते. आमच्या मते त्या दिवसातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच होती. सांडलेले रक्त नव्हे.

ती का, हे समजायला औषधांची गोष्ट पाहावी लागेल. पहिले औषध १९८७ साली आले, पण एकटे पुरले नाही. विषाणू रूप बदलून त्याला दाद देईनासा झाला. कपाशीवर एकच कीटकनाशक पुन्हापुन्हा मारल्यावर बोंडअळीने काय केले, हे ज्यांनी कापूस केला आहे त्यांना सांगायला नको. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देऊ लागले. तिघांना एकाच वेळी चुकवणे विषाणूला जमत नाही. परिणाम असा की अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामाला लागली. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर, म्हणजे आपल्याकडे कुणी घेणार? २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी दरात, गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला देऊ केली. जगभरचे दर त्यानंतर कोसळले. आमच्या मते आपल्या राज्यातील उद्योगाने जगासाठी केलेले हे फार मोठे काम, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पूर्वी सी.डी. ४ पेशी ठराविक आकड्याखाली जाईपर्यंत थांबवत. २०१७ पासून थांबणे नाही; तपासणीत लागण दिसली की औषध सुरू.

आज बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे तिच्यात एकत्र असतात. सुरुवातीला कुणाला मळमळ, डोकेदुखी किंवा झोप न येणे असा त्रास होतो, बहुधा तो जातो. आम्लपित्ताच्या, लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या सोबत घ्यायच्या असतील तर वेळा डॉक्टरांना विचाराव्यात, कारण त्यांनी या गोळीचा असर कमी होतो. क्षयाचे औषध सुरू करतानाही सांगावे, मात्रा बदलावी लागते. गोळीने विषाणू मुळासकट जात नाही. पेशींच्या कुंडलीत दडलेला अंश तसाच राहतो, म्हणून गोळी जन्मभराची. मध्ये सोडली तर दडलेला विषाणू पुन्हा उसळतो, आणि अधूनमधून घेतली तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होतो. त्या जोडप्याबाबत आम्ही म्हणालो तो धोका हाच.

नियमाने गोळी घेणाऱ्याचे आयुष्य आज जवळपास इतरांइतकेच असते. पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. २०११ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. नऊ देशांतील १७६३ जोडपी, एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी, त्यात होती. त्यांत आपल्या पुण्याची व चेन्नईची जोडपीही होती. ज्यांना लवकर औषध दिले त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या अभ्यासांतून हे आणखी स्पष्ट झाले. रक्तातील विषाणूची मोजणी करतात. ती औषधाने इतकी खाली गेली की यंत्राला विषाणू सापडत नाही, आणि सहा महिने तशीच राहिली, तर त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. कमी होते असे नव्हे, होत नाही. औषध घेणारा माणूस दुसऱ्याला धोका नसतो. धोका असतो तो तपासणी न केलेल्या, स्वतःलाच ठाऊक नसलेल्या माणसाकडून. काणीचे बेट उपटण्याची तुलना लागू नाही म्हणालो, ती यामुळे. हाकलून दिलेल्या माणसाची गोळी तुटते.

आईकडून बाळाला होणारी लागणही अशीच रोखता येते. काहीच केले नाही तर अशा शंभर आयांपैकी १५ ते ४५ जणींच्या बाळांना लागण होते. आईला औषध चालू असेल, बाळंतपण दवाखान्यात झाले आणि बाळाला ठरल्याप्रमाणे औषध पाजले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. म्हणून प्रत्येक गरोदर सुनेची, लेकीची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत करावी. अंगावरचे दूधही आई औषध घेत असेल तर द्यायचे आहे. पहिले सहा महिने फक्त तेच, वरचे काही नाही. कित्येक सासवा बाळ तोडून वरचे दूध चालू करतात, त्यांनी हे आधी समुपदेशकाला विचारावे.

‘खात्रीशीर इलाज, विषाणू मुळापासून नष्ट’ अशा जाहिराती गावात येतात. जगात मोजकीच माणसे या विषाणूतून पूर्ण मुक्त झाली आहेत, तीही बहुतेक रक्ताच्या कर्करोगासाठी करावे लागलेल्या अस्थिमज्जा रोपणामुळे. ती शस्त्रक्रिया जिवावरची असते. चूर्णाने कुणी मुक्त झालेले नाही, आणि चूर्णासाठी गोळी सोडून दगावलेले मात्र आहेत.

तपासणी ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, मग बोटातून किंवा दंडातून थोडे रक्त घेतात. एका चाचणीवर निर्णय देत नाहीत, वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळाव्या लागतात. लागण झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही, त्यामुळे अलीकडे धोका पत्करलेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. ट्रॅक्टर-ट्रक चालक, महिनोन् महिने घराबाहेर राहणारे वाहतूकदार आणि लग्न ठरलेली मुले-मुली यांनी तपासणी करून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. मुलीकडच्यांनी फक्त कुंडली मागावी आणि मुलाकडच्यांनी फक्त सोने, यापेक्षा दोघांनी आपखुशीने हे करणे बरे.

कायद्याचेही सांगून ठेवतो, कारण मुकादम आणि सभासद दोघांनाही तो ठाऊक नव्हता. एच.आय.व्ही. व एड्सबाबतचा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही. कुणाचा आजार कामातून कळला तरी तो त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. या कारणावरून कामावरून काढणे, शाळेत प्रवेश नाकारणे, दवाखान्यात उपचार नाकारणे, भाड्याचे घर नाकारणे याला मनाई आहे. मयत सभासदाच्या विधवेची वारस नोंद, शेअर आणि उसाची नोंद यांत तिच्या आजाराचा काहीही संबंध येत नाही. दीर-भावजयीच्या वादात ‘ती आता किती दिवसांची’ असे शब्द आमच्या कानावर आले आहेत. गोळी घेत असेल तर ती तुमच्या-आमच्याइतकीच दिवसांची आहे, आणि नसती तरी सातबारा तिच्या तब्येतीवर चालत नाही.

त्या जोडप्याचे पुढे असे झाले की समुपदेशकांनी मूळ केंद्राशी बोलून त्यांच्या गोळ्या आपल्या जिल्ह्यातील केंद्रातून मिळतील अशी सोय केली. अशी सोय सर्वत्र होऊ शकते, फक्त रुग्णाने आपले उपचाराचे कार्ड सोबत आणले पाहिजे. तब्येत स्थिर असलेल्यांना काही केंद्रांवर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्याही देतात, त्यामुळे गावाहून निघण्यापूर्वीच विचारावे. मुकादम मंडळींनी करार करताना टोळीला एवढेच सर्वांदेखत सांगावे की ज्याला कुठल्याही आजाराची गोळी कायमची चालू आहे, मग ती रक्तदाबाची असो, साखरेची असो की आणखी कशाची, त्याने कार्ड व हंगामाची गोळी बरोबर घ्यावी आणि गोळ्या आणायला महिन्यातून एक दिवस सुट्टी मागावी. कुणाला काय आहे ते विचारू नये. गाडीतळावर आरोग्य शिबिर भरेल तेव्हा समुपदेशकांसाठी आडोसा असलेली वेगळी खोली द्यावी, अशी सूचना आम्ही शेतकी समितीपुढे ठेवली आहे.

कुणाला काही विचारायचे असल्यास १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा फोन क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि आपले नाव सांगावे लागत नाही.